हरताळ फासलेलीं विमानें : कानपूरच्या लिबरेटरांचा जीर्णोद्धार आणि अस्सलाचा प्रश्न

जुन्या कागदांचा शोध, वाचन व संपादन हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे त्यांच्यापुढें लष्करी विमानांच्या जीर्णोद्धाराचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल. विमान ही वस्तु शंभर-सव्वाशें वर्षांपलीकडची नाहीं. तिच्यावर ना मोडी अक्षर, ना शिक्कामोर्तब. परंतु एखाद्या साधनाचें मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नसून, तें आपल्या काळाची साक्ष स्वतःच्या अंगावर किती वाहतें यावर ठरतें. या कसोटीनें पाहतां विमान हा एक लेखच होय. त्याच्या पत्र्यावरील ठिगळें, रंगाचे एकावर एक चढलेले थर, रिव्हेटांच्या ओळी, कारखान्याची लहानशी धातूची पाटी, हीं सर्व त्या लेखांतील अक्षरें आहेत. आणि लेख म्हटला म्हणजे अस्सल, नक्कल, क्षेपक व खाडाखोड हे प्रश्न ओघानें आलेच.

पोथींतील चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर नवें अक्षर लिहिण्याची चाल आपल्या संग्राहकांस चांगली परिचित आहे. लेखकानें स्वतःची चूक झांकण्याकरितां लावलेला हरताळ क्षम्य होय. पण मागाहून आलेल्या मालकानें आपल्या आवडीचा पाठ घालण्यासाठीं अस्सल ओळींवर हरताळ फासला, तर त्यास आपण जीर्णोद्धार म्हणत नाहीं, पाठभ्रंश म्हणतों. गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांत जुन्या युद्धविमानांच्या जीर्णोद्धाराचें जें मोठें काम झालें आहे, त्यांतील बराच भाग या दुसऱ्या प्रकारांत मोडतो, असें आमचें मत आहे. त्याचें सर्वांत ठळक उदाहरण भारताशींच निगडित असल्यामुळें त्याची चिकित्सा या पृष्ठांत करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम हकीकत. लिबरेटर हें अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीनें योजिलेलें चार इंजिनांचें जड बाँबफेकी विमान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अशीं १८,०००हून अधिक विमानें बांधलीं गेलीं. त्या जातीचें दुसरें कोणतेंही विमान इतक्या संख्येनें बांधलें गेलें नाहीं. लेंड-लीज नांवाच्या उसनवारीच्या व्यवस्थेनें त्यांतील बरींच ब्रिटिश हवाईदलास मिळालीं, आणि ब्रह्मदेश व आग्नेय आशिया यांतील मोहिमांसाठीं तीं हिंदुस्थानांतील तळांवरून उडूं लागलीं. १९४५ सालीं युद्ध संपलें. उसनें घेतलेलें विमान एक तर परत करावयाचें, नाहीं तर निकामी करावयाचें, असा हा व्यवहार होता. आणि अमेरिकेस तीं परत नको होतीं. तेव्हां कानपूरच्या चकेरी तळावर जमा झालेलीं लिबरेटर विमानें पुन्हा उडूं नयेत अशा बेतानें मोडण्यांत आलीं. पत्रे भोंसकले, उपकरणें फोडलीं, इंजिनांत वाळू घातली, असें त्या प्रकाराचें वर्णन केलें जातें. सारांश, हें एक दप्तर जाळण्याऐवजीं फाडून टाकिलेलें होतें.

स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाईदलाजवळ दूर पल्ल्याचें जड बाँबफेकी विमान एकही नव्हतें, व विकत घेण्यास पैसाही बेताचाच होता. अशा वेळीं चकेरीच्या ढिगाऱ्याकडे लक्ष गेलें. काम बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे सोंपविण्यांत आलें. हा कारखाना मूळ सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें डिसेंबर १९४० मध्यें काढिलेला. १९४२ सालीं वालचंदांचा हिस्सा सरकारनें विकत घेतला, आणि १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती तेथें होत असे. त्यामुळें अमेरिकन यंत्रांची संवय तेथल्या कारागिरांच्या हातांस आधींच झालेली होती. या कारागिरांनीं एका विमानाचा भाग दुसऱ्यास जोडून, फाटलेल्या पत्र्यांस नवीं ठिगळें देऊन, कानपुरांतील सांगाडे कसेबसे उडण्याजोगे केले. आणि कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनीं ते एकामागून एक सुमारें दीड हजार किलोमीटर उडवीत बंगलोरास नेले. तेथें त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशा रीतीनें एकंदर ४२ विमानें पुन्हा उभीं राहिलीं. २ नोव्हेंबर १९४८ रोजीं त्यांतील पहिल्या विमानांवर हवाईदलाचें पांचवें पथक स्थापन झालें. १९५१ सालीं सहावें पथक पुण्यास उभें राहून समुद्रावरील टेहळणीचें काम करूं लागलें. १९६८ सालीं हीं विमानें निवृत्त झालीं. तोंपर्यंत जगांतील इतर हवाईदलांतून लिबरेटर नाहींसें झालें होतें.

आतां या विमानांकडे पाठचिकित्सकाच्या दृष्टीनें पाहूं. यांतील प्रत्येक विमान ही तीन हातांनीं लिहिलेली पोथी आहे. पहिला हात अमेरिकन कारखान्याचा, दुसरा ब्रिटिश पथकांचा, तिसरा बंगलोरच्या कारागिरांचा व त्यामागून वीस वर्षें तीं सांभाळणाऱ्या भारतीय हवाईदलाचा. पहिल्या दोन हातांचा काळ मिळून दोन-तीन वर्षांहून मोठा नाहीं. तिसऱ्याचा मात्र वीस वर्षांचा. शिवाय पहिला व दुसरा हात जगांत इतरत्रही विपुल आढळतो. तिसरा हात केवळ याच विमानांवर आहे. जो पाठ अन्यत्र कोठेंही मिळत नाहीं तो जपण्याची जबाबदारी संपादकावर सर्वांत अधिक असते, हा आपल्या शास्त्रांतला साधा नियम. विमानांच्या बाबतींत मात्र नेमकें उलट घडलें.

भारतानें या विमानांपैकीं एक दिल्लीच्या पालम येथील हवाईदलाच्या संग्रहालयांत ठेविलें. तें भारतीय चिन्हांनिशीं उभें आहे. बाकीचीं बाहेर गेलीं. एक १९६८ सालीं कॅनडाच्या विमान-संग्रहालयास देण्यांत आलें. एक १९६९ सालीं अमेरिकेंतील टूसॉन येथील पिमा संग्रहालयाकडे उडत गेलें. एक १९७४ सालीं ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्यूझियमकडे उडत गेलें. आणखी कांहीं खासगी संग्राहकांच्या हातीं पडलीं. आज जगांत जीं थोडीं लिबरेटर विमानें उरलीं आहेत, त्यांतील निदान पांच या कानपूर-बंगलोर वंशांतलीं आहेत. म्हणजे ज्या विमानास अमेरिकन लोक आपल्या युद्धाचें प्रतीक मानतात, तें पाहावयास मिळण्याजोगें उरलें याचें मोठें श्रेय बंगलोरच्या कारागिरांस आहे. हें श्रेय त्या विमानांच्या अंगावर कितपत वाचावयास मिळतें, हाच आमचा प्रश्न आहे.

ब्रिटनमधील विमान केएन ७५१ या आपल्या ब्रिटिश क्रमांकानिशीं दाखविलें जातें. यांत एक गोष्ट चांगली आहे: तो क्रमांक त्या विमानाचा स्वतःचा आहे, उसना नाहीं. परंतु त्याच्या आयुष्यांतील दुसरें प्रकरण तेवढें उघडून तिसरें मिटलेलें राहिलें, हें विसरतां येत नाहीं. पिमा येथील विमानाची गोष्ट याहून पुढची. त्यास युरोपांत लढलेल्या एका अमेरिकन पथकाचा वेष देण्यांत आला, आणि त्या पथकाशीं या विमानाचा कधींच संबंध आलेला नव्हता.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगें उदाहरण अमेरिकेंतील कॉलिंग्ज फाउंडेशनच्या विमानाचें होय. अमेरिकन क्रमांक ४४-४४०५२ असलेलें हें विमान १९४४ सालीं टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें बांधलें गेलें व त्याच सालीं ब्रिटिशांस देण्यांत येऊन केएच १९१ झालें. पुढें कानपूर, बंगलोर, आणि १९६८ पर्यंत भारतीय हवाईदल. १९८१ सालीं तें एका ब्रिटिश संग्राहकानें विकत घेऊन इंग्लंडास नेलें. १९८४ सालीं तें अमेरिकन संस्थेकडे आलें. आणि कांहीं वर्षांच्या अविश्रांत परिश्रमानंतर १९८९ सालीं तें पुन्हा आकाशांत गेलें. हे परिश्रम खरोखर प्रचंड होते, व त्यांतील कौशल्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण विमानावर जें नांव रंगविण्यांत आलें तें होतें 'ऑल अमेरिकन'. ज्या विमानानें अमेरिकन पथकांतून एकही स्वारी केली नाहीं, जें ब्रिटिश दलांत लढलें आणि भारतीय दलांत वीस वर्षें राबलें, त्याच्या कपाळीं 'सर्वस्वीं अमेरिकन' असें लिहिलें गेलें! १९९८ सालीं तें नांव पुसून पॅसिफिकमध्यें लढलेल्या 'द ड्रॅगन अँड हिज टेल' या दुसऱ्या एका विमानाचा वेष त्यास चढविण्यांत आला. २००५ सालीं तोही उतरून इंग्लंडांतून १३० स्वाऱ्या करणाऱ्या 'विचक्राफ्ट' नामक तिसऱ्याच विमानाचें रूप त्यास मिळालें. सोळा वर्षांत तीन नांवें, आणि तिन्ही दुसऱ्यांचीं. एखाद्या सनदेवर एकामागून एक तीन घराण्यांचीं नांवें चढलेलीं आढळलीं, आणि ती ज्या घराण्यास मिळाली त्याचें नांव मात्र त्यांत नसलें, तर वाचकांपैकीं कोण ती सनद पुराव्यांत स्वीकारील?

प्रतिपक्षाचें म्हणणें येथें नीट मांडलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. जीर्णोद्धारक म्हणतात कीं, ज्यांचीं नांवें आम्ही रंगविलीं तीं मूळ विमानें युद्धांत पडलीं किंवा युद्धानंतर भट्टींत वितळलीं. त्यांतून उडालेल्या माणसांस व त्यांच्या कुटुंबियांस डोळ्यांनीं पाहण्याजोगी, हातानें स्पर्श करण्याजोगी एक तरी खूण हवी. उरलेल्या एका विमानानें मेलेल्या हजारोंचें प्रतिनिधित्व केलें तर त्यांत काय बिघडलें? शिवाय विमानाचें तत्त्व उड्डाणांत आहे. जमिनीवर खिळलेलें विमान म्हणजे नुसती कात. उडवावयाचें तर कुजलेला पत्रा बदललाच पाहिजे. आणि शेवटीं, आम्ही पैसा व श्रम ओतले नसते तर तुमच्या बंगलोरचें काम भंगाराच्या भावानें गेलें असतें. ज्यांनीं तें विकलें त्यांनीं आम्हांस जतनाचे पाठ देऊं नयेत.

यांतील शेवटचा मुद्दा आम्ही सरळ मान्य करतों. विमानें विकणाऱ्या किंवा देऊन टाकणाऱ्या देशानें त्यांच्या इतिहासाचे कागद त्यांच्याबरोबर पाठविण्याचा आग्रह धरला असता, तर आज ही तक्रार करण्याची वेळ कमी आली असती. स्मारकाचा मुद्दाही आम्ही तुच्छ मानीत नाहीं. पण स्मारक आणि साधन हीं दोन भिन्न प्रयोजनें आहेत. छत्री बांधून कोणी पूर्वजांचें स्मरण केलें तर इतिहासकारास तक्रारीचें कारण नाहीं. पण छत्रीच्या दगडांसाठीं जुना शिलालेख फोडला तर आहे. दुसऱ्याचें नांव रंगवावयाचेंच असेल, तर मूळ रंगांचे थर तपासून, त्यांचीं चित्रें घेऊन, निदान एक तरी भाग जसाच्या तसा राखून मग रंगवावें. रंगाचा थर हळूहळू घासून खालचे थर एकामागून एक उघडे करण्याची पद्धति आज अनेक संग्रहालयांत रूढ आहे. अशा एका हातभर चौकटींत विमानाचें सगळें चरित्र कड्याकड्यांनीं वाचतां येतें. ज्यानें संपूर्ण पत्रा एकदम उजळ करून टाकला, त्यानें तें चरित्र कायमचें पुसलें. घासून गेलेला रंग पुन्हा आणतां येत नाहीं.

उड्डाणाच्या मुद्द्याचें उत्तर दुर्दैवानें घटनांनींच दिलें आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजीं अमेरिकेंतील कनेटिकट राज्यांत याच कॉलिंग्ज संस्थेचें बी-१७ जातीचें विमान पडून सात माणसें ठार झालीं. त्या विमानावर 'नाइन-ओ-नाइन' हें नांव होतें, आणि तेंही दुसऱ्या विमानाचें होतें. मूळचें 'नाइन-ओ-नाइन' युद्धानंतर भंगारांत गेलें होतें. १२ नोव्हेंबर २०२२ रोजीं टेक्सासमधील डॅलस येथें प्रदर्शनाच्या वेळीं एक बी-१७ व एक किंगकोब्रा यांची आकाशांत टक्कर होऊन सहा माणसें दगावलीं. माणसांच्या प्राणांपुढें यंत्राची गोष्ट गौण आहे, हें सांगावयास नकोच. पण साधनांच्या दृष्टीनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, ज्याची दुसरी प्रत नाहीं असें हस्तलिखित कोणी उत्सवाच्या मिरवणुकींतून फिरवीत नाहीं. ज्या जातीचीं विमानें अजून पुष्कळ आहेत तीं उडवावींत. जीं बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं तीं जमिनीवर असावींत.

अस्सलाचा प्रश्न किती सूक्ष्म होऊं शकतो हें दुसऱ्या दोन उदाहरणांवरून दिसेल. पी ९३७४ या क्रमांकाचें स्पिटफायर विमान २४ मे १९४० रोजीं फ्रान्समधील कॅले येथील किनाऱ्यावर उतरलें व वाळूंत गडप झालें. १९८० सालीं त्याचे अवशेष वाळूबाहेर दिसूं लागले. पुढें इंग्लंडांत त्याची नव्यानें उभारणी होऊन २०११ सालीं तें उडालें, व २०१५ सालीं लिलांवांत ३१ लक्ष पौंडांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. त्यांतील बहुतेक धातु नवी आहे. जुनें काय, तर कांहीं भाग आणि ओळख. म्हणजे शिक्का अस्सल, कागद व अक्षर नवें. तें उत्तम कारागिरीचें काम आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु १९४० सालचें विमान कसें बांधीत याचा पुरावा म्हणून तें वापरतांना अत्यंत सावधगिरी बाळगावी लागेल.

याच्या उलट टोकास हॅलिफॅक्स डब्ल्यू १०४८ हें विमान आहे. एप्रिल १९४२ मध्यें 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यांत जखमी होऊन तें नॉर्वेंतील होक्लिंगेन नांवाच्या गोठलेल्या सरोवरावर उतरलें. पुढें बर्फ वितळून तळाशीं गेलें. १९७३ सालीं तें वर काढण्यांत आलें, आणि रॉयल एअर फोर्स म्यूझियमनें तें बहुतांशीं जसें सांपडलें तसेंच, गंजलेलें व मोडलेलें, मांडून ठेविलें. प्रेक्षकास तें सुंदर दिसत नाहीं. पण त्या पत्र्यावरील प्रत्येक भोंक एका विशिष्ट रात्रीचें आहे, आणि तें कोणी मागाहून पाडलेलें नाहीं. वाळवीनें खाल्लेल्या पोथीस जो मान आपण देतों तोच या विमानास दिलेला पाहून आम्हांस समाधान वाटतें. एकाच संस्थेनें दोन विमानांस दोन न्याय लावले हें खरें. पण तिनें हॅलिफॅक्सच्या बाबतींत जो न्याय लावला तोच अनुकरणीय होय.

आतां आपल्या घराकडे वळूं, कारण परक्यांचे दोष काढून थांबणें योग्य नाहीं. भारतीय हवाईदलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यांत २०१८ सालीं 'परशुराम' नांवाचें एक डाकोटा विमान दाखल झालें. तें राजीव चंद्रशेखर यांनीं विकत घेऊन, ब्रिटनमध्यें दुरुस्त करवून, हवाईदलास भेट दिलें. त्याच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं पहिल्या शीख पलटणीचे सैनिक घेऊन श्रीनगरास उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. हें विमान तें नव्हे. हवाईदलानें हा क्रमांक त्या घटनेच्या स्मरणार्थ दिल्याचें उघडपणें सांगितलें, म्हणून त्यांत फसवणूक मुळींच नाहीं. डाकोटा विमानें जगांत अद्याप पुष्कळ असल्यामुळें तें उडविण्यासही आमची हरकत नाहीं. पण आणखी पन्नास वर्षांनीं समारंभाचीं भाषणें विसरलीं जातील आणि शेपटीवरचा आकडा तेवढा उरेल. तेव्हांचा एखादा अभ्यासक छायाचित्र पाहून 'हेंच तें श्रीनगरचें विमान' असें लिहून जाईल. आपल्या बखरींत अशाच वाटेनें किती दंतकथा शिरल्या, हें वाचकांस सांगणें नको. त्या विमानाचा मूळ वृत्तांत त्याच्याच अंगावर, एका लहान पाटीवर कोरून ठेवणें एवढाच त्यावर उपाय आहे.

पालमच्या संग्रहालयांतील लायसँडर विमानाचेंही असेंच आहे. १९४१ सालीं मुंबईच्या वॉर गिफ्ट्स फंडानें, म्हणजे मुंबईच्या लोकांच्या वर्गणींतून, भारतीय हवाईदलाच्या पहिल्या पथकास लायसँडर विमानें दिलीं. तींच घेऊन करुण कृष्ण मजुमदार यांचें पथक १९४२ च्या आरंभीं ब्रह्मदेशांत लढलें. मुंबईकराच्या दृष्टीनें लायसँडर ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या पैशाची वस्तु. परंतु पालमचें लायसँडर मुंबईच्या देणगींतलें नव्हे. तें कॅनडांतून आलेलें आहे, आणि तेंही कशाच्या बदल्यांत, तर कानपूर-बंगलोरच्या एका लिबरेटराच्या! म्हणजे आपल्या इतिहासाचें एक अस्सल पान देऊन आपण दुसऱ्या एका पानाची परकी प्रत मिळविली. हा व्यवहार वाईट होता असें आमचें म्हणणें नाहीं. तेव्हां दोन्ही संग्रहालयांची गरज त्यानें भागली. पण हा व्यवहारच स्वतः इतिहासाचा भाग आहे, आणि दोन्ही ठिकाणच्या फलकांवर तो ठळकपणें वाचावयास मिळाला पाहिजे.

मग जीर्णोद्धार करावा तरी कसा? उत्तरासाठीं दूर जावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तिची पद्धति येथें नमुन्यादाखल घेतां येईल. तींत जो शब्द निश्चित नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ दिली आहे. जो श्लोक मूळचा ठरला नाहीं तो फेंकून न देतां तारकाचिन्हानें तळटीपेंत किंवा परिशिष्टांत जपला आहे. संपादकांनीं निवड केली, पण निवडीचा माग पुसला नाहीं. पुढील अभ्यासकास तिच्याशीं असहमत होण्याची सोय ठेवली. विमानाच्या जीर्णोद्धारकाकडून आमची अपेक्षा याहून अधिक नाहीं.

तीच अपेक्षा व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाची तर चार गोष्टी होतात. पहिली, जो नवा भाग बसविला त्यावर वर्ष व कारखाना यांची खूण आंतल्या बाजूस ठोकावी, म्हणजे जुनें व नवें कधीं मिसळणार नाहीं. दुसरी, जो जुना भाग काढला तो क्रमांक घालून ठेवावा, वितळवूं नये. काढलेलें ठिगळ हें फाटलेल्या पानाच्या तुकड्यासारखें आहे, आणि तुकड्यावरून पानें जुळविणें हा तर आपला रोजचा उद्योग. तिसरी, मागाहून झालेली दुरुस्ती ही घाण समजूं नये. बंगलोरच्या कारागिरानें १९४८ सालीं बसविलेला पत्रा हा अमेरिकन मूळ पाठावरचा डाग नसून समासांतील दुसऱ्या विद्वानाची टीप आहे. आणि समासांतल्या टिपेनें मूळ संहितेवर प्रकाश पाडल्याचीं उदाहरणें आपणांस थोडीं नाहींत. चौथी, विमानास दुसऱ्याचें नांव वा क्रमांक दिला तर स्वतःचें नांव त्याहून लहान अक्षरांत लिहूं नये.

या चौकटींतून पाहतां, १९४८-४९ सालच्या बंगलोरच्या कामास काय म्हणावें, असा प्रश्न कोणी चतुर वाचक करील. त्यांनींही एका विमानाचा भाग दुसऱ्यास जोडला, ओळखी मिसळल्या, जुने रंग पुसले; मग कॉलिंग्ज संस्थेस वेगळा न्याय कां? भेद असा कीं, बंगलोरचें काम जतनासाठीं नव्हतें. तें उपयोगासाठीं होतें. नव्या राष्ट्रास विमानें हवीं होतीं, तीं त्यांनीं करून दिलीं, आणि तीं अमुक काळचीं अमुक विमानें आहेत असा दावा कधीं केला नाहीं. चालू दप्तरांतील कारकुनानें जुन्या कागदाच्या पाठीवर नवा हिशोब लिहिला तर तो हिशोबही कालांतरानें साधन होतो. पण संग्रहालयाच्या व्यवस्थापकानें तसें केलें तर तो अपराध होय. जो इतिहास राखण्याचें ब्रीद सांगतो त्यास त्या ब्रीदाच्या कसोटीनेंच मोजलें पाहिजे.

शेवटीं एक गोष्ट आपल्या हातांतली. लिबरेटर विमानें आतां चार देशांत विखुरलीं. त्यांच्या पत्र्यावरील लेख वाचण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु त्या लेखाची दुसरी प्रत कागदावर होती, आणि तिचे तुकडे अजून आपल्याकडे सांपडण्याचा संभव आहे. कानपुरास काम केलेले फिटर, बंगलोरचे पत्राकामाचे कारागीर, पुण्याच्या सहाव्या पथकांतील वैमानिक व यंत्रज्ञ हे आतां बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले. पण त्यांच्या उड्डाणवह्या, कामाचीं टिपणें, पत्रें, सहीशिक्क्याचे दाखले व पाठीवर तारीख लिहिलेलीं छायाचित्रें घरोघरच्या ट्रंकांत पडून असावींत. देशमुखांच्या वाड्यांतील रुमाल सोडवून घेण्यासाठीं आपले पूर्वसूरि गांवोगांव हिंडले. त्याच चिकाटीनें हे ट्रंक उघडून घेतले पाहिजेत, त्यांतील कागदांच्या तालिका केल्या पाहिजेत, आणि कोणत्या क्रमांकाचें विमान बंगलोरास कधीं आलें, त्यास काय बसविलें, कोणीं उडविलें, याची नोंद जुळवून प्रसिद्ध केली पाहिजे. अशी नोंद हातीं आली म्हणजे परदेशांतील संग्रहालयांस फलक बदलण्याची विनंति पुराव्यानिशीं करतां येईल. पुराव्यावांचून केलेल्या तक्रारीस तेथें कोणी दाद देणार नाहीं, आणि देऊंही नये. संग्राहकांनीं आपापल्या गांवीं हा शोध सुरू करावा, व जें सांपडेल त्याची माहिती अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावी, अशी आमची विनंति आहे.